आवळीखालची पंगत

(कार्तिक महिन्यात भरलेल्या एका कुटुंब स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्या कोणत्याही शहरातील कोणत्याही गृहसंकुलात जवळजवळ सारखीच असते. खाली मोटार उभी असते, तिची डिकी उघडी असते आणि तिच्यात पिशव्या कोंबण्याचे काम चाललेले असते. आजी चिवड्याचा डबा पुढे करते, सून ‘आई, आता खरंच नको’ म्हणते आणि अखेर डबा घेतेच. नातवंडे काचेतून हात हलवतात. मोटार वळणाआड जाते. फाटकाशी उभी असलेली दोन वृद्ध माणसे तरीही क्षणभर तिथेच रेंगाळतात आणि मग काही न बोलता लिफ्टकडे वळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या सज्जात आकाशकंदील लोंबत असतो. स्वयंपाकघरात फराळाचे निम्मे डबे अजून भरलेले असतात, कारण करताना अंदाज दहा माणसांचा होता आणि खाणारी माणसे अडीच दिवसच होती.

‘संपली दिवाळी,’ असे त्या दिवशी घरोघर म्हटले जाते. पंचांग मात्र तसे म्हणत नाही. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. महिना तर नुकता लागलेला असतो. तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तेरा दिवस आणि अमावास्येपर्यंत जवळजवळ चार आठवडे असतात. या काळात पांडवपंचमी येते, प्रबोधिनी एकादशी येते, तुळशीची लग्ने लागतात, वैकुंठ चतुर्दशी येते आणि पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा उजळतात. आकाशकंदीलही पूर्वी भाऊबिजेला उतरवला जात नसे, तो त्रिपुरीपर्यंत तेवत राही. आजच्या विषयाचे मूळ या अवधीत आहे. शरद ऋतूच्या या उत्तरार्धात माणसांनी माणसांकडे जावे, एकत्र जेवावे, निवांत बसावे, यासाठी मागच्या पिढ्यांनी एक अख्खा महिना राखून ठेवला होता. गेल्या काही दशकांत शहरी घरांनी तो चार दिवसांत कोंबला, आणि मग त्या चार दिवसांत भेट सोडून बाकी सारे होऊ लागले.

कार्तिकच का, याचे पहिले उत्तर हवेत आहे. महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मागे फिरतो. ढग जातात, आभाळ मोकळे होते, पण जमीन अजून ओली असते. त्या ओलीवर ऊन तापते आणि आश्विनातला तो घाम काढणारा उकाडा सुरू होतो, ज्याला सारे ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. नवरात्रात आणि कोजागरीच्या आसपास दुपार सोसवत नाही. म्हणून कोजागरीचे जागरण रात्रीचे आणि दूध चांदण्यातले. कार्तिक लागला की वारा उत्तरेकडून येऊ लागतो. पहाटे गोधडी ओढावीशी वाटते, दुपारी झाडाखाली बसवते, संध्याकाळी अंगणात थांबावेसे वाटते. पुढे मार्गशीर्ष-पौषात थंडी खरी होते आणि माणसे शेकोटीपाशी आखडून बसतात. मोकळ्यावर पंगत मांडायला याहून चांगला महिना दख्खनच्या पठारावर नाही.

दुसरे उत्तर शेतात आहे. कोकणातले हळवे भात दिवाळीआधी निघते, गरवे भात कार्तिकात खळ्यावर येते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन घरात आलेले असते आणि कापसाची पहिली वेचणी चाललेली असते. रब्बीची ज्वारी पेरून झालेली असते. कणगीत धान्य असते आणि हाताला जरा विसावा असतो. कोकणात आश्विनी पौर्णिमेला ‘नवान्न’ करतात, भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. त्या नव्याचे पोटभर जेवण शेजाऱ्यांसह करायचे ते मात्र नंतर, कापणी-मळणी उरकल्यावर. गावोगाव कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो. महिनाभर भल्या पहाटे टाळ वाजतात, आणि शेवटच्या दिवशी गावजेवण होते. एकत्र येणे असे सावकाश, रोज थोडे थोडे घडते.

दिवाळीचे चार दिवस मुळात घराचे आहेत. अभ्यंगस्नान घरात, लक्ष्मीपूजन घरात, पाडव्याचे ओवाळणे घरात. त्यांत उंबरा ओलांडायला लावणारा एक दिवस आहे, तो भाऊबिजेचा. कथा सर्वांना ठाऊक आहे. यमराज बहीण यमुनेकडे जेवायला गेले. ज्याच्या कामाला एक दिवसाचीही सुट्टी नसते, त्यानेदेखील त्या द्वितीयेला वेळ काढला, याची आठवण ‘यंदा जमणार नाही गं, क्लोजिंग आहे’ असे बहिणीला दूरध्वनीवरून सांगणाऱ्या भावांना कोणी तरी करून द्यायला हवी.

भाऊबिजेचा हा भाव घराबाहेर नेण्याचे काम महाराष्ट्राने केलेले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. त्या संस्थेचा भाऊबीज निधी मराठी मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्यांना सख्खा भाऊ ओवाळणी घालायला येत नव्हता, त्या मुलींच्या शिक्षणासाठी अनोळखी घरांतून ओवाळणी गोळा होऊ लागली. सणाच्या दिवशी कोण आपल्या पाटावर नाही, हे पाहण्याची दृष्टी त्या कल्पनेत होती.

फराळाविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘हल्ली सगळा फराळ विकतचा’ अशी हळहळ दरवर्षी ऐकू येते, दिवाळी अंकांतूनही वाचायला मिळते. ही हळहळ करणाऱ्यांत चकलीचा सोऱ्या एकदाही न दाबलेले पुरुष बहुसंख्य असतात. नोकरी सांभाळून, आठ दिवस रात्री जागून सहा जिन्नस करणारी गृहिणी चौथ्या दिवशी पाहुण्यांपुढे ताट ठेवते, तेव्हा तिला गप्पा नकोशा झालेल्या असतात, तिला झोप हवी असते. तिने फराळ विकत आणला, एखाद्या बचत गटाकडून करून घेतला, तर त्यात संस्कृतीचे काहीही बुडत नाही. हळहळावे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पूर्वी वाड्यात, चाळीत फराळ करायला चार घरच्या बायका एकत्र बसत. आज हिच्याकडे करंज्या, उद्या तिच्याकडे अनारसे. मुले पुऱ्या कातायला, पाळत ठेवायला आणि पळवायलाही हाताशी असत. भेट तिथेच होत होती, पदार्थ हे तिचे निमित्त होते. घरे वेगळी झाली, काम तेवढेच राहिले आणि सोबत गेली. आता पदार्थ विकत मिळतो. सोबत कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे ध्यानात यायला मात्र वेळ लागला.

मुलांच्या किल्ल्यांचेही तेच. एकट्या मुलाला किल्ला बांधता येत नाही. कुणी विटा आणायच्या, कुणी माती चाळायची, कुणी अळीव पेरायचे. सिंहासनावर महाराज बसवायचे आणि पायथ्याशी मावळ्यांच्या जोडीने एखादा क्रिकेटपटूही उभा करायचा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा एक मातीचा राजगड चार घरच्या मुलांकडून करून घेणे कधीही बरे; आणि तो भाऊबिजेला मोडू नये, त्रिपुरीपर्यंत त्यावर पणती लावावी.

मित्रमंडळींनी एकत्र येण्याचा दिवाळीतला एक सुंदर शहरी प्रघात डोंबिवलीने घालून दिला आहे. नरकचतुर्दशीच्या सकाळी गणेश मंदिरात दर्शन घेऊन नवे कपडे घातलेली तरुण मुले-मुली फडके रोडवर जमतात. त्याला आमंत्रण नसते. शाळा सुटल्यावर पांगलेले वर्गमित्र तिथे हमखास भेटतील, या भरवशावर माणसे जातात. भ्रमणध्वनी नव्हता तेव्हाही जात होती आणि तो आल्यावरही जातात, हे विशेष. ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस एवढ्या दोन गोष्टींवर भेटीची परंपरा उभी राहते.

गोव्यात त्याच पहाटे नरकासुराचे दहन होते आणि मग घरोघर फोव म्हणजे पोहे होतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे, फोडणीचे. नातलग, शेजारी, मित्र एकमेकांकडे जाऊन ते खातात. एका घरी थोडे, दुसऱ्या घरी थोडे. यात यजमानिणीचा जीव मेटाकुटीस येत नाही आणि पाहुण्यालाही ‘आता जेवूनच जा’चे दडपण राहत नाही. आणि गोव्यात ‘व्हडली दिवाळी’, मोठी दिवाळी, म्हणतात ती तुळशीच्या लग्नाला. पणत्यांच्या चार दिवसांना नव्हे, कार्तिकातल्या त्या संध्याकाळीला. त्या समाजाने मोठेपण कशाला दिले, हे पाहण्यासारखे आहे.

तुळशीचे लग्न हे शेजाराचे लग्न आहे. ऊस, चिंच आणि आवळा वृंदावनात खोवलेले असतात, अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात. तळकोकणात एका अंगणातले लग्न लागले की भटजी आणि वऱ्हाडी मंडळी शेजारच्या अंगणाकडे निघतात. हातावर चुरमुरे, बत्तासे आणि खोबऱ्याचे तुकडे पडतात आणि मुलांची फौज तो प्रसाद गोळा करत वाडीभर फिरते. रात्र होईतो सगळी वाडी सगळ्या अंगणांतून जाऊन आलेली असते. कुणाचे अंगण मोठे, कुणाचे लहान; पण सर्वांच्या घरी सर्वांचे पाय लागलेले असतात. सदनिकेत अंगण नाही हे खरे, पण कुंडीतली तुळस आहे. संकुलातल्या चार मजल्यांनी आपापल्या कुंड्या एकाच वेळी न सजवता एकापाठोपाठ एक लग्ने लावली, तर जिन्यावरून वऱ्हाड फिरायला अडचण कसली? मुलांना तर हेच आवडेल.

त्यानंतर येते वैकुंठ चतुर्दशी. एरवी विष्णूला तुळस आणि शंकराला बेल वाहायचा असतो. त्या दिवशी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहिली जाते. हरी आणि हर एकमेकांना भेटतात, तेव्हा एकमेकांच्या आवडीचे घेऊन येतात. पाहुणे म्हणून जाताना हातात काय न्यावे, याचा याहून चांगला पाठ कोणता?

आता खऱ्या विषयाकडे. कार्तिकात आवळीभोजन नावाची एक प्रथा आहे, आणि ती वेगाने विस्मरणात चालली आहे. आजच्या सभेतल्या पंचविशीच्या आतल्या कितींनी ती अनुभवली असेल, याची शंका आहे. आवळ्याच्या झाडाखाली जायचे, झाडाची पूजा करायची, बुंध्याशी दिवा लावायचा आणि त्याच्या सावलीत, तिथेच स्वयंपाक करून, सर्वांनी मिळून जेवायचे. कुणी कार्तिकातल्या सोयीच्या दिवशी करतात, कुणी वैकुंठ चतुर्दशीच्या सुमारास. उत्तरेत यासाठी कार्तिक शुद्ध नवमी, म्हणजे आवळा नवमी, पाळतात. याच सुमारास आवळा फळाने लगडलेला असतो. चातुर्मास एकादशीला संपतो, त्यामुळे वर्ज्य ठेवलेल्या कांद्यावांग्यांचीही सुटका झालेली असते. काही घरांत मात्र वांग्याला चंपाषष्ठीपर्यंत, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवीपर्यंत, थांबावे लागते.

तीन दगड मांडायचे, वाळक्या काटक्या गोळा करायच्या, त्यावर भाताचे पातेले चढवायचे. वऱ्हाडात पळसाच्या पानांत पानगे थापून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, खानदेशात वरण-बट्टी होते. जळगावकडची भरिताची वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजून लाकडी भांड्यात कांडली जातात. ही भरिताची पंगत थंडीभर चालते. पुढे पौषात पठारावर हुरडा आणि रायगडच्या किनारपट्टीत पोपटी. ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. आवळीभोजन त्यांतले थोरले, कारण ऋतूत ते आधी येते आणि त्याला व्रताचे अधिष्ठान आहे.

या साध्या प्रथेत समाजशास्त्राचे एक मोठे मर्म दडलेले आहे. घरच्या मेजवानीत स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये एक भिंत असते. बैठकीत राजकारण, क्रिकेट, नातवाचे पराक्रम असे विषय रंगतात. भिंतीपलीकडे एक बाई गरम पोळ्या लाटत असते. तिच्या कानावर हशा येतो, विनोद येत नाही. ‘अगं, तूही बस ना’ हे वाक्य तिला दरवर्षी ऐकवले जाते आणि दरवर्षी शेवटची पंगत तिची असते. आवळीखाली भिंत नसते. चूल सर्वांच्या मध्ये असते. फुंकणी मारणारा पुरुष असतो, पाणी आणणारी मुले असतात, भाकरी थापणारी बाई गप्पांच्या ऐन मध्यात बसलेली असते. धूर सर्वांच्याच डोळ्यांत जातो. ही व्यवस्था कोणी जाणूनबुजून केली की झाडाच्या पूजेच्या ओघात झाली, हा वाद विद्वानांनी घालावा. पण स्त्रीला सणात सामील करून घेण्याचा याहून सोपा उपाय घराच्या चार भिंतींत अद्याप कोणाला सापडलेला नाही.

दुसरे मर्म असे की, आवळीखाली यजमान कोणीच नसतो. झाड कोणाच्या मालकीचे का असेना, सावली सर्वांची. त्यामुळे कुणाचा दिवाणखाना मोठा, कुणाकडे खुर्च्या कमी, कुणाकडे घर भाड्याचे, हे प्रश्न उरत नाहीत. बोलावणे आले की परत बोलवावे लागेल, या हिशेबाने अनेक मध्यमवर्गीय घरे जाणे-येणेच बंद करतात. तो हिशेब झाडाखाली संपतो. प्रत्येक घराने एकेक शिधा आणायचा: कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी तूप, कुणी नुसती कोथिंबीर. पंगत एकच आणि पान सारखेच. ज्याच्या शेजारी जागा मिळेल त्याच्या शेजारी बसायचे. जातपात आणि उच्चनीच यांविषयी व्यासपीठावरून कितीही बोलले, तरी मांडीला मांडी लावून एका पंगतीला बसल्यावाचून ते बोलणे अंगी लागत नाही. आणि खरी परीक्षा वाढण्यात नसून बोलावण्यात आहे. संकुलाच्या आवळीभोजनाला पहारेकरी, सफाई कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाई सहकुटुंब पानावर बसल्या की नाहीत? त्यांना उरलेले डब्यात भरून दिले असेल, तर ते आवळीभोजन नव्हे.

या ऋतूत पंगतीबाहेर राहणारी माणसे आणखीही आहेत. औक्षणाचे तबक घरातून फिरते तेव्हा विधवा बहीण, विधवा आई किंवा काकू आपणहून दाराआड होते. कोणी तिला सांगत नाही. सांगावे लागत नाही, यातच सगळी गोम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तेच आवाहन केले. ठरावाने गाव बदलायला वेळ लागेल. घरातला भाऊ मात्र पाटावर बसून एवढे म्हणू शकतो, ‘ताई, पहिल्यांदा तू ओवाळ.’ त्याला ठराव लागत नाही, परिपत्रक लागत नाही. हे वाक्य ज्या घरांत उच्चारले गेले, तिथे दाराआडची माणसे बाहेर आली.

परदेशी असलेल्यांची गोष्ट निराळी. दिवाळीच्या महिनाभर आधी फराळाची पार्सले निघतात. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्काचे नियम बदलले आणि ऑगस्टअखेर भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सलसेवा थांबवावी लागली; ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हा लक्ष्मीपूजनाला सहा दिवस उरले होते. त्या दीड महिन्यात कितीतरी आयांनी भाजणी दळून तशीच ठेवली असेल. लेकाला तिकडे दुकानात चकली मिळत नाही अशातला भाग नाही. आईला चकली पाठवता येत नव्हती, हे दुःख होते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रथमच दिवाळीची सुट्टी दिली. तरी बहुतेक ठिकाणी दिवाळी कामाच्या दिवशीच येते आणि महाराष्ट्र मंडळे ती पुढच्या शनिवार-रविवारी साजरी करतात. अनेक मराठी घरांची खरी सवडीची गाठभेट पडते ती नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्या देशाच्या आभारप्रदर्शनाच्या सणाला जोडून मिळणाऱ्या सुट्टीत. झाडांची पाने गळून गेलेली, बाहेर गारठा आणि आत एका टेबलाभोवती चार मराठी कुटुंबे. पंचांगात पाहिले तर तो गुरुवार बहुधा कार्तिकात किंवा मार्गशीर्षाच्या तोंडाशी येतो! आईबाबांना व्हिडिओवर त्या टेबलाभोवती फिरवले जाते. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, इकडे पहाट. आजोबा स्वेटर घालून, केस विंचरून बसलेले असतात.

आणि एक वर्ग असा आहे, ज्याची कार्तिकात ताटातूट होते. दसरा-दिवाळी झाली की बीडच्या डोंगरपट्ट्यातून, पाथर्डीच्या भागातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळाले, यावर वेगळे भाष्य नको. म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी मुले मागे राहतात किंवा मुलेही फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती जिथे नीट चालते तिथे शिक्षकांच्या आणि गावकऱ्यांच्या जिव्हाळ्यामुळे चालते. तुळशीच्या लग्नात वृंदावनाशी जो ऊस उभा राहतो, तो कोणी तरी तोडलेला असतो. साखर कारखान्यांच्या परिसरातील कार्यकर्त्यांनी यंदा एक आवळीभोजन फडावरच्या कोप्यांपाशी न्यावे. शिधा कुटुंबांनी न्यायचा, चूल एकत्र पेटवायची आणि जेवायचे. भाषण करायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही.

राहता राहिली व्यवहाराची बाजू. ‘शहरात आवळा कुठे?’ हा प्रश्न येणारच. शाळांच्या आवारात, देवळांच्या मागे, जुन्या बंगल्यांच्या परसात आवळे आहेत. शोधायला मुलांना पाठवले तर एका दुपारी पत्ता लागेल. ज्या संकुलात नाही, तिथे रोप लावावे. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरते. तोवर आंब्याखाली बसावे, आवळा रागावणार नाही. चूल पेटवायची परवानगी नसेल तर घरून डबे आणावेत. ध्वनिवर्धक नको, सूत्रसंचालन नको, सत्कार तर मुळीच नकोत. भेळेच्या गाडीपेक्षा खर्च कमी येतो. दिवस एकच ठरवावा आणि दरवर्षी तोच ठेवावा, म्हणजे निरोप द्यावा लागत नाही. वाढायला पुरुषांनी उभे राहावे. पहिल्या पंगतीला बायका, लहान मुले आणि वयस्कर माणसे. जेवण झाल्यावर झाडाखाली पडलेले आवळे मुलांना द्यावेत. तोंड वाकडे करून खाल्ल्यावर त्यांना घोटभर पाणी प्यायला सांगावे आणि ते गोड लागल्यावर त्यांचे चेहरे पाहावेत. वर्षानुवर्षे हाच प्रयोग होतो आहे आणि दरवर्षी कुणा तरी मुलाला तो नवा असतो.

बोलावण्याची यादी कोणी करायची, हा प्रश्न नेहमी अडतो. ज्याला सुचले त्याने करावी. वही घ्यावी, जिना चढावा आणि आरंभ तिसऱ्या मजल्यावरून करावा. जिथली मोटार भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वळणाआड गेली होती, त्या दारापासून. आजी दार उघडतील, ‘आम्ही कशाला, तुम्ही तरुण मंडळी करा’ म्हणतील आणि तेवढ्यात आजोबा आतून दिवस कोणता, किती वाजता, हे विचारतील. काय आणू, असे त्यांनी विचारले तर चिवडा सांगावा. तो त्यांच्याकडे अजून अर्धा डबा उरलेला असतो.